चाकावरचं घर आणि मामाचा ऊस

भाड्याच्या कॅरॅव्हॅनमध्ये संडास असतो आणि तो वापरायचा नसतो. ही अट करारात लिहिलेली नसते. मालक ती तोंडी सांगतो, तीही सगळ्यात शेवटी, अनामत रक्कम खिशात गेल्यावर. "आहे, सगळी सोय आहे. फ्लश आहे, जेट आहे. पण शक्यतो... म्हणजे अगदीच वेळ आली तर." आणि मग तो वाटेवरचे पेट्रोल पंप सांगायला लागतो. बाकीचं सगळं कागदावर असतं. दिवसाला अमुक किलोमीटरपर्यंत ठरलेलं भाडं, पुढे किलोमीटरमागे वेगळा दर. जनरेटर तासावर. एसी जनरेटरवर. ड्रायव्हरचा भत्ता वेगळा, चादरीला डाग पडला तर धुलाई वेगळी. एवढ्या पैशांत ओझरच्या भक्तनिवासात किती रात्री निघाल्या असत्या, हा हिशेब आईनं गाडीत पाय ठेवण्याआधीच केला होता आणि आकडा ती आम्हाला अधूनमधून, न विचारता, सांगत होती.

अमेरिकेत म्हणे लोक अशी गाडी घेतात आणि स्वतःच चालवत रानावनात जातात. आपल्याकडे गाडीबरोबर ड्रायव्हर येतो. त्यामुळे जाहिरातीतलं 'फक्त तुम्ही, तुमचं कुटुंब आणि मोकळा रस्ता' हे वाक्य जरा सुधारून घ्यावं लागतं. आम्ही, आमचं कुटुंब आणि दादा. दादांनी पहिल्या पाच मिनिटांत दोन गोष्टी स्पष्ट केल्या. एक, चहा ते गाडीतला पिणार नाहीत, त्यांचं हॉटेल ठरलेलं आहे. दोन, मोकळा रस्ता चाकणच्या पुढे.

महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्याआधी २०१८ मध्ये जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला होता. माझ्या मुलानं या दोन बातम्या एकमेकींना जोडल्या आणि आमच्या गळ्यात बांधल्या. बायकोला डिंभ्याच्या पाण्याकाठी घडीच्या खुर्चीवर बसून कॉफी प्यायची होती. आईला लेण्याद्री, ओझर आणि जमलं तर भीमाशंकर. मला रात्री उघड्या माळावर गाडी उभी करून खिडकीतून चांदणं बघायचं होतं. शिवाय नारायणगावजवळ मीना नदीच्या बाजूला आईचं माहेर, म्हणजे मामाचं शेत. मामाला फोनवर कळवलं तेव्हा तो म्हणाला, "ये की. पण गाडीत घर कशाला आणतोस? इथं हाय की."

चाकणला कॅरॅव्हॅनचं खरं मोल कळतं. पुणे-नाशिक रस्त्यावर बाकीचे लोक अडकून पडतात, आपण मुक्काम करतो. आईनं तेवढ्यात कणीक मळली, पोळ्या लाटल्या, भाजल्या, आणि शेवटची पोळी डब्यात पडेपर्यंत गाडी ज्या कंटेनरच्या मागे होती त्याच्याच मागे होती. खिडकीतून वास बाहेर गेला असावा. शेजारच्या मोटारसायकलवाल्यानं काचेवर टकटक करून विचारलं, "ताई, चपाती-भाजी केवढ्याला?" बायकोनं नाही म्हणायच्या आत आईनं त्याच्या हातात एक पोळी गुळ-तूप लावून दिली. त्याच्या मागच्यानंही हात पुढे केला. दादा म्हणाले, आता काच लावा, नाहीतर हा जाम आपल्यामुळे आहे असं होईल.

संडासाचा प्रश्नही चाकणमध्येच निकालात निघाला. गॅसच्या शेगडीपासून तो दीड हातावर होता, मध्ये एक सरकता दरवाजा. आईनं तो दरवाजा उघडून पाहिला, बंद केला, पुन्हा उघडला. आयुष्यभर तिनं स्वयंपाकघर आणि 'ते' यांच्यात निदान एक अंगण ठेवलेलं. तिनं निर्णय दिला: तिथे आजपासून सामान. कमोडचं झाकण लावून त्यावर पिठाचा डबा नाही, पिठाचा डबा तिथे शक्य नव्हता, पण पाण्याचे कॅन, छत्र्या, चपला गेल्या. मंचरच्या पुढे कांद्याचं पोतं आणि टोमॅटोचं क्रेट मिळालं, तेही गेलं. दादांच्या चेहऱ्यावर प्रथमच समाधान दिसलं. मालकानं सांगितलेला नियम इतक्या कडकपणे पाळणारं कुटुंब त्यांना आजवर भेटलं नव्हतं.

मंचरहून डावीकडे घोडेगावला वळलं की आंबेगाव तालुक्याची गंमत सुरू होते. तालुक्याचं नाव आंबेगाव, कचेरी घोडेगावला, मोठा बाजार मंचरला, आणि ज्याचं नाव घेतलं ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली. पत्ता एवढा विखुरलेला असलेल्या तालुक्यात चाकावरचं घर घेऊन जाणं मला तरी सुसंगत वाटत होतं. स्थानिकांना नाही. आमची पांढरी, लांबलचक, बिनखिडक्यांची वाटावी अशी गाडी पाहून प्रत्येक फाट्यावर नवा तर्क निघे. कुणी विचारलं, कुठल्या पक्षाची? कुणी विचारलं, मशीन उतरवायचं कुठं? घोडेगावच्या अलीकडे दादा त्यांच्या चहाला थांबले तेव्हा एक आजी सरळ पायरी चढून आत आल्या, सोफ्यावर बसल्या आणि दंडावरची बाही वर करून म्हणाल्या, "बघ बाई, परवापसनं चक्कर येती."

फिरता दवाखाना नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं. पण आईकडे रक्तदाबाचं यंत्र असतंच. तिनं पट्टा बांधला, फुगवला, आकडा वाचला, "लोणचं कमी करा, आणि सरकारी दवाखान्यात नक्की दाखवा," असं बजावून पाणी दिलं. आजी खाली उतरल्या आणि पाच मिनिटांत रांग लागली. त्यातल्या एकानं साखरही तपासा म्हणून आग्रह धरला. आईनं ते यंत्र नसल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली, ती थेट आरोग्य खात्याच्या वतीनं. निघताना मागे कुणीतरी म्हणालं, "गाडी भारी हाय, पर औषध देत न्हाईत."

डिंभ्याच्या जलाशयाचं नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू याच तालुक्यातले, महाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या लॉरीपुढे ते आडवे झाले आणि उठले नाहीत. धरणाच्या वरच्या अंगाला एका वळणावर जागा बघून आम्ही घडीच्या खुर्च्या मांडल्या, गाडीच्या कडेचं छत बाहेर ओढलं, कॉफी केली. फोटोत दिसतं तसं सगळं जमून आलं होतं. फरक एवढाच की फोटोत समोर तळं असतं आणि इथे तळ्याच्या आणि आमच्या मध्ये अकरा माणसं, तीन शेळ्या आणि सायकलवरचा एक मुलगा उभा होता. ती माणसं काही बोलत नव्हती. आम्ही कॉफी पितो आहोत हे ती शांतपणे पाहत होती. शेवटी एक गृहस्थ पुढे आले आणि अत्यंत काळजीनं म्हणाले, "गाडी बंद पडली का?"

"नाही, मजेत बसलोय."

"रस्त्यावर?"

याला उत्तर नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं घरदार सोडून रस्त्याच्या कडेला चूल मांडून बसलेलं कुटुंब म्हणजे संकटात सापडलेलं कुटुंब. त्यांनी घरी चला म्हणून धरलंच. वाडीकडे जायचा रस्ता गाडीच्या रुंदीएवढा, आणि हिरड्याचे दिवस असल्यामुळे दुतर्फा अंगणांतून हिरडा वाळत घातलेला. या पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी घरांचं वर्षाचं बरंच गणित त्या हिरड्यावर बसतं. त्यावरून चाक नेणं शक्य नव्हतं आणि मागे वळवणंही नव्हतं. अर्धी वाडी 'येऊ द्या, येऊ द्या' ओरडत मागे चालली आणि दादांनी गाडी उलटी काढली. वाडीतल्या चार जणांचं 'येऊ द्या' म्हणजे थांबा होतं, हे त्यांना मागच्या दिव्याला बाभूळ लागल्यावर कळलं. चहा शेवटी त्या गृहस्थांच्या घरूनच आला, स्टीलच्या किटलीत, आमच्या गाडीत दोन शेगड्या, एक फ्रिज आणि एक कॉफी यंत्र असताना. भीमाशंकर राहिलं. पुढचा घाट आणि तिथली पार्किंगची गर्दी यांबद्दल दादा एवढं वाईट बोलले की आईनं हात तिथूनच जोडले.

परत हमरस्त्याला लागलो तर पुढे एक टेम्पो, त्यात शर्यतीचा बैल. खाली भुशाचा जाड थर, बाजूंना बैलाच्या अंगाला लागू नये म्हणून गुंडाळलेली पोती, वर ताडपत्री, आणि शेजारी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा असलेला माणूस. आमच्या गाडीत एवढा आराम कुणालाच नव्हता. जुन्नर, आंबेगाव, खेड हा बैलगाडा शर्यतींचा मुलूख. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी दिली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं ती कायम केली. म्हणजे महाराष्ट्रात कॅरॅव्हॅन आणि बैलगाडा एकाच वर्षी रस्त्यावर आले. कोण किती धावलं, हे या भागात विचारायचं नसतं.

नारायणगावात मात्र आमच्या गाडीची खरी परीक्षा झाली. हे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं गाव, आणि पाडव्याच्या सुमारास इथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्यांची मंडळी येतात, राहुट्यांतून हिंडतात, फड ठरवतात, सुपारी देतात. आम्ही जागा मिळाली म्हणून तिथेच जवळ गाडी लावली. थोड्या वेळात एका फडाचे व्यवस्थापक फेरी मारायला आले. गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून त्यांनी टायर पाहिले, टपावर किती माल बसेल याचा अंदाज घेतला आणि विचारलं, "माणसं किती?"

"चार. आणि दादा."

"अन् स्टेज? कनात? जनरेटर? पेटी-ढोलकी?"

"जनरेटर आहे. बाकी नाही."

"मंग एवढ्या गाडीत नेता काय?"

"गाद्या," बायको म्हणाली.

त्यांनी फार सभ्यपणे मान हलवली. मोठ्या फडात शंभरावर माणसं असतात. दसऱ्याला बाहेर पडायचं ते वैशाखात बुद्धपौर्णिमेच्या आसपास घरी. रात्री एका गावात वग संपला की कनात उतरवायची, ट्रक भरायचे, आणि कलावंतांनी प्रवासातच पाठ टेकायची, कारण संध्याकाळी दुसऱ्या गावात पुन्हा घुंगरू बांधायचे. तिथे स्वयंपाक झाडाखाली, अंघोळ विहिरीवर. ज्या माणसानं अशी कित्येक वर्षं काढली त्याला मी आमच्या गाडीतला वाचायचा दिवा दाखवला. त्यांनी तो दोनदा लावून-विझवून पाहिला. "झ्याक हाय," म्हणाले, "पर गाडी चालू आसताना झोप येती का तुमाला?" नाही येत, म्हटलं. "मंग दिवा लागंलच."

जुन्नर गावातल्या गल्ल्यांतून गाडी नेण्याचं वर्णन करत नाही. लेण्याद्रीला आम्ही पोचलो एवढं सांगतो. अष्टविनायकांतला डोंगरावर, लेण्यात बसलेला हा एकच गणपती. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढताना आईला गाडीतल्या सोफ्याची किंमत पहिल्यांदा पटली. वरती विहारातल्या खोल्या पाहताना मात्र मी थबकलो. भिक्खूसाठी एक खोली, त्यात दगडातच कोरलेला ओटा, जवळ पाण्याची पोढी. भाडं नाही, किलोमीटरचा हिशेब नाही. आमच्या गाडीतला पलंग मोजला तर त्या ओट्याहून अरुंद भरला असता, आणि पोढ्यांत आजही पाणी आहे. आमची टाकी मुलानं दुपारपर्यंत हात धुऊन धुऊन संपवली होती. जुन्नरच्या आसपास अशी लेणी दीडशेहून जास्त आहेत. कोकणातल्या बंदरांवरचा माल नाणेघाट चढून इथे यायचा आणि पुढे पैठणकडे जायचा, तेव्हा या गावाला मुक्कामी माणसांची सवय दोन हजार वर्षांची. नाणेघाटाच्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिच्या लेखात यज्ञांत दिलेल्या गायींचे, घोड्यांचे, नाण्यांचे आकडे कोरलेले आहेत. राणीला खर्च दगडावर कोरून घ्यायची हौस होती. आमचा मालक तो दर तीन तासांनी व्हॉट्सअॅपवर पाठवत होता.

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवरूनही गेलो. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, चौदा एका जागी आणि सोळा तीन दिशांना पांगलेल्या, आकाशातली अतिशय क्षीण रेडिओ कुजबुज टिपत बसलेल्या. अशा ठिकाणी जनरेटर चालू करू नये एवढं मुलाला कळत होतं. दादांनी वर पाहिलं आणि विचारलं, एवढ्या मोठ्या छत्रीत चॅनेल किती लागतात?

अंधार पडायच्या आत मामाच्या शेतावर आलो. मी ऊस आणि पड यांच्या मधली जागा हेरून ठेवली होती, आकाश अगदी मोकळं. शेजारच्या पडीत धनगरांचा वाडा उतरला होता: वाघूर लावून कोंडलेली मेंढरं, घोड्यावरून उतरवलेला संसार, तीन दगडांची चूल, कुत्री. त्यांचा म्हातारा गाडी पाहायला आला. एका रात्रीच्या मुक्कामाला पर्यटन केंद्रावाले गाडी उभी करायचे किती घेतात, हे मी त्याला सांगितलं. त्याला वाटलं मी उलटं बोलतोय. त्याच्या मेंढरांनी शेतात रात्रभर बसावं म्हणून शेतकरी त्याला पैसे किंवा धान्य देतो. सकाळी जमिनीला लेंड्यांचं खत मिळालेलं असतं. "तुमी बसायचं अन् वर पैसं तुमीच देयाचं?" त्यानं पुन्हा विचारलं. मग जरा विचार करून, आमच्या टाकीकडे बोट दाखवून म्हणाला, "त्यात काय कमी पडतं का?"

मामा आला तो काठी आणि बॅटरी घेऊनच. गाडीत झोपायची कल्पना त्यानं दोन वाक्यांत मोडून काढली. पहिलं वाक्य: भाचा दारात येऊन गाडीत झोपला तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. दुसरं: बिबट्या. या दुसऱ्यावर आमच्याकडे कुणी हसत नाही. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, जुन्नर वनविभागात पिंजरे लागतात, आणि उसाच्या या पट्ट्यात माणसं गेली आहेत, लेकरं गेली आहेत. मी चांदण्याचा विषय तिथेच मिटवला. आम्ही मामाच्या घरी, गच्च भरलेल्या खोलीत, मामीनं केलेल्या मासवड्या आणि रश्श्यावर ताव मारून आडवे झालो. गाडीचं दिवसाचं भाडं बाहेर उभं होतं.

पण मामा झोपला नव्हता. थ्री फेज लाईट त्या आठवड्यात रात्री होती. उसाला पाणी द्यायचं म्हणजे मध्यरात्री उठून पेटीपाशी जायचं, मोटार चालू करायची, अंधारात दारं मोडत सरी-सरीनं पुढे सरकायचं. दिवसा लाईट द्या म्हणून शेतकरी कधीपासून मागणी करतात ती याचसाठी. त्या रात्री मामानं गाडीकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. आत दिवे, बाहेर झगझगीत दिवे, मोठा हॉर्न, भक्कम दार, आणि आत जागे दादा. दादांना त्यानं मासवडी आधीच चारली होती. गाडी बांधावरून एकेक सरी पुढे सरकत राहिली. मामा खाली उतरायचा, दार मोडायचा, आत येऊन सोफ्यावर बसायचा, चहा घ्यायचा. गाडीतला चहा. दादांनीही घेतला. मधूनमधून हॉर्न.

रात्री दोनला माझा फोन वाजला. मालक होता. त्याला त्याच्या पडद्यावर गाडी कुठे आहे ते दिसत असतं.

"साहेब, गाडी रस्त्यावर नाहीये."

"माहीत नाही हो. मी घरात झोपलोय."

"ती उसात आहे. आणि हळूहळू चाललीये. चोरीला गेली असेल तर एवढ्या हळू का चाललीये?"

सकाळी मामाच्या ओट्यावर भावकीतले पाच-सहा जण जमले होते. रात्रीचे दिवे सगळ्या शिवारातून दिसले होते. एकानं विचारलं, टीव्ही आणि फ्रिज काढून नुसता डबा दिला तर भाव किती पडेल. दुसऱ्याचं म्हणणं, पाच जणांत घेऊ, ज्याची पाण्याची पाळी त्याची गाडी. रोजानं रात्री सोबतीला गडी मिळत नाही, त्या हिशेबात हे महाग नाही, यावर एकमत झालं. मामानं माझ्याकडून नंबर घेतला, फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला. महिन्याचा काय दर लावता, त्यानं विचारलं.

पलीकडून मालक म्हणाला, शेतीच्या कामाला गाडी देत नाही. परवाना पर्यटनाचा आहे.

"मंग पर्यटक म्हणून लिहा की माझं नाव," मामा म्हणाला. "रातच्याला दोन वाजता बिबट्याच्या उसात हिंडतो मी. आजून काय पायजे तुमाला?"